थोडं राहिलंय

१

सकाळचा चहा होईपर्यंत आमच्या घरात आईशी कोणी बोलत नाही. भांडण वगैरे नाही, बोलून उपयोग नसतो एवढंच. तिची कानातली यंत्रं रात्रभर डबीत असतात आणि ती आपल्या शांततेत स्वयंपाकघरात वावरत असते, भांडी जरा जास्तच आदळत, कारण तो आवाज फक्त आम्हाला ऐकू येतो. चहा गाळून झाला की ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, एकेक यंत्र कानात बसवते, टेबलावरच्या जुन्या फोनवर बोट टेकवते आणि म्हणते, "हं, बोला आता. काय काय नावं ठेवलीत मला?"

हा विनोद ती रोज करते आणि माझी मुलगी रोज त्याला हसते. मुलीला घरात सगळे शिट्टी म्हणतात. आवाज इतका बारीक की शाळेत हजेरीला तिला नुसतं 'हजर' म्हणून भागत नाही, हात वर करून उभं राहावं लागतं. आईला हा आवाज कधीच पोचला नव्हता. आम्ही बाकीचे पोचायचो, शिट्टीचं मात्र नुसतं तोंड हलताना दिसायचं. मग मी मधे दुभाषा व्हायचो. "आई, ती म्हणतेय, तिने तुझं चित्र काढलंय." आई "हो का गं?" म्हणायची, पण माझ्याकडे बघून. नातीचं गुपित मुलाच्या तोंडून ऐकायचं म्हटल्यावर ते गुपित कसलं? दोघींचा एकमेकींवर जीव होता, पण सगळा माझ्यामार्फत.

आता त्या फोनबद्दल. यंत्रं नुसती कानात बसतात, खरं काम फोनच करतो. घरातला सगळा गलबला तो आधी स्वतः ऐकतो, त्यातलं माणसाचं बोलणं निवडून काढतो आणि आईला सोसेल अशा पट्टीत तिच्या कानात सोडतो. हे मला माहीत आहे, कारण तो फोन बनवणाऱ्या कंपनीत मी परीक्षक आहे. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. बायको म्हणते, घरी मी हेच काम फुकट करतो.

त्या मॉडेलचा सपोर्ट बंद होऊन वर्ष उलटून गेलं होतं. सपोर्ट बंद होतो म्हणजे फोन बिघडतो असं नाही. फोन धडधाकट असतो, फक्त त्याच्या डोक्यावरचा हात काढून घेतात. दुरुस्त्या येणं थांबतं, मग एकेक अ‍ॅप त्याला ओळख दाखवेनासं होतं, आणि एक दिवस धडधाकट फोन खणात जाऊन पडतो. नवीन मॉडेल खपायचं तर जुन्याला कधीतरी घरी बसवावं लागतं, असं आमच्याकडे मीटिंगमध्ये उघड बोलतात. आईसाठी मी नवीन फोन आणि नवीन यंत्रं आणूनही पाहिली होती. तिने अर्धा दिवस लावली आणि काढून ठेवली. "सगळे पत्र्याच्या डब्यात बसून बोलतायत," म्हणाली. म्हणून जुन्यावरच दिवस ढकलणं चालू होतं, आणि तो कधी मान टाकेल या धास्तीने मी रोज सकाळी आधी त्याच्याकडे बघायचो.

त्या सकाळी शिट्टी दाराशी पाठ करून बुटाची नाडी बांधत होती. वर न बघताच म्हणाली, "आजी, माझी बाटली दे ना."

आईने बाटली उचलली आणि तिच्या हातात दिली.

२

परीक्षकाला पहिली शंका यंत्राची येते आणि दुसरी स्वतःची. मी म्हटलं, आईने अंदाज बांधला असेल. रोज त्याच वेळी तीच बाटली लागते. पण आई खुर्चीत परत बसली नाही. ती दारातच उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अरे," ती म्हणाली, "हिचा आवाज तुझ्या मावशीसारखा आहे. मला कोणी सांगितलं नाही."

फोनच्या स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात आमच्या कंपनीची ओळखीची ओळ होती. अपडेट पूर्ण झालं.

त्या मॉडेलचा आवाज ज्याने बांधला त्याला आम्ही कानसेन म्हणायचो. माझ्याहून बराच मोठा, पण आमचं एकमेकांशी अरे-तुरेच. बारीक अंगाचा, खांदे पुढे झुकलेले, गळ्यात हेडफोन आणि अधूनमधून कोरडा खोकला. आमची खोली तळमजल्यावर पार मागे होती, कारण तिथे लिफ्टचा आवाज पोचत नाही. एका टोकाला त्याचं टेबल आणि समोरच्या टोकाला आतून गादी लावलेली काचेची कोठडी, जिच्यात मी फोन घेऊन बसायचो. काम चालू असताना बोलायचं नाही असा त्याचा नियम. बोलण्याने कान मळतात म्हणायचा. त्याचं काही करून झालं की तो माइकवर नखाने दोनदा वाजवायचा, टक टक. म्हणजे, ऐक. पसंत पडलं तर मी एकदा वाजवायचं, नाही पडलं तर दोनदा. दिवसभर आमचं हेच चालायचं. बाकीचे लोक आम्हाला सुतारपक्षी म्हणत.

गंमत म्हणजे मी पसंतीची एक टक दिली तरी त्याचं समाधान व्हायचं नाही. जरा वेळ जायचा आणि परत टक टक. मी काचेतून हात जोडायचो. तो तोंडाने नुसता आकार करायचा: थोडं राहिलंय.

हुशार माणसं मी पुष्कळ पाहिलीत. पण आपलं काम कुठल्या परक्या घरात, कोणाच्या कानात जाऊन पडणार आहे, याची इतकी काळजी करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. त्याच्यासमोर मला नेहमी आपण जरा पाट्या टाकतोय असं वाटायचं, आणि मी काही कामचुकार नाही.

शेवटचं अपडेट गेलं त्या दुपारी केक कापला. सगळे उभ्याने खात होते आणि कानसेन खुर्चीतून उठायला तयार नव्हता.

"अरे, ऊठ की आता," मी म्हटलं.

"बारीक आवाज अजून गळतात. लहान मुलं बोललेली कळत नाहीत."

"तारीख गेली. आता कोणासाठी करणार?"

"ज्यांच्या हातात तो फोन आहे त्यांच्यासाठी," तो म्हणाला, आणि परत हेडफोन चढवले.

नंतर सगळे दुसऱ्या कामांवर गेले. त्याने दुसरं काम घेतलं नाही. काही महिन्यांनी एका सकाळी निरोप आला की तो झोपेतच गेला. आम्ही चार-पाच जण त्याच्या घरी जाऊन आलो. त्याची बायको म्हणाली, "शेवटी शेवटी एकच धरून बसले होते, थोडं राहिलंय म्हणून. काय राहिलं होतं हो?" मला केकच्या दुपारचं ते बोलणं आठवलं, आणि मी घाईने चपला शोधायला लागलो.

३

अपडेट पाठवणारी मुलगी वरच्या मजल्यावर बसते. तिला विचारलं. तिने माझ्याकडे दयेने बघितलं.

"सर, त्या मॉडेलसाठी आता काहीच चालू नाहीये. पाठवणार कुठून?"

"मग आलं कुठून?"

"आईंनी कुठेतरी बोट लावलं असेल."

आमच्या धंद्यात जगातल्या सगळ्या चमत्कारांचा उगम कोणाच्या तरी आईने लावलेल्या बोटात असतो. मीही ते मान्य करून टाकलं. मानलं तर सोपं जात होतं.

पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी भर दुपारी मी आईचा फोन घेऊन बसलो, माझे चांगले हेडफोन लावले आणि घर ऐकलं. पंखा होता, पण मागे सरकून बसलेला. रस्ता होता, पण उंबऱ्याबाहेर. आणि मधोमध, कोणाला न ढकलता, शिट्टी आपल्या बाहुल्यांना रागवत होती. एकेक अक्षर सुटं आणि स्वच्छ. आवाज मोठा केला नव्हता, तिला फक्त वाट करून दिली होती. असं काम करायला जो सोशिकपणा लागतो तो मी एकाच माणसात पाहिला होता. शिवण बघून शिंपी ओळखतात, तसा मी तो हात ओळखला. अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी तोंडातून "वा" निघून गेलं. मी दोन्ही गोष्टी बायकोला सांगितल्या नाहीत.

घरात मात्र आनंदीआनंद होता. शिट्टी शाळेतून आली की दप्तर टाकून आजीच्या खुर्चीला चिकटायची आणि दोघी टेबलावर डोकी जोडून कुजबुजत बसायच्या. मी जवळ गेलो की गप्प व्हायच्या. एकदा मी विचारलं, काय चाललंय. आई म्हणाली, "तुझी नोकरी गेली बरं का, दुभाष्या."

४

अपडेट येत राहिली. कधी चार दिवसांनी, कधी रोज. आधी मी प्रत्येक वेळी दचकायचो, मग सवय झाली, आणि सवय झाली याचंच नंतर नवल वाटायला लागलं.

आईला आता शेजारच्या घरातला नळ ऐकू यायचा. खालच्या मजल्यावरचे आजोबा औषधाची गोळी पाकिटातून काढायचे, ते ऐकू यायचं. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्यात हे तिने दुसऱ्या खोलीतून सांगितलं आणि डबा उघडला तर खरंच मुंग्या. शिट्टीला ही जादू वाटायची. मला विचारलं तर पसंतीची टक मी मनातल्या मनात केव्हाच दिली होती. आई ऐकत होती, नात बोलत होती, आणखी काय पाहिजे? पण करणारा थांबत नव्हता.

एका संध्याकाळी आई वाटाणे सोलत होती. हात थांबवून म्हणाली, "हे टकटक कुठे होतंय रे?"

"कसली टकटक?"

"दोनदा होते. मग बराच वेळ काही नाही. मग परत दोनदा." तिने वाटाण्याच्या ताटलीवर नख वाजवून दाखवलं. टक टक. "अशी. कोणीतरी उत्तराची वाट बघत असावं, तशी."

मी म्हटलं, पाइप असेल. गरम पाणी गेलं की पाइप वाजतात.

"असेल," आई म्हणाली. तिला पटलेलं नव्हतं. ती परत सोलायला लागली आणि मी तिच्या नखाकडे बघत बसलो.

५

आई टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होती. सगळी हयात कानाला हेडफोन लावून परक्या माणसांना परक्या माणसांशी जोडण्यात गेली. मग एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं आणि या बायकांना एकेक फूल देऊन घरी पाठवलं. "आमचाही सपोर्ट बंद केला होता," असं ती या फोनची हकीकत कळल्यावर म्हणाली होती आणि स्वतःच हसली होती. त्यामुळे लाईनबद्दल तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

"ही लाईन मेलेली नाही," दोन दिवसांनी ती म्हणाली. "मेलेली लाईन वेगळी लागते, तिला खोली नसते. हिच्या पलीकडे जागा आहे. माणूस आहे, पण बोलत नाहीये."

"आई, पलीकडे कोणी नाही. तो टेलिफोनचा कॉल नाहीये."

"खुर्ची वाजते त्याची. खोकतो मधे मधे, कोरडा."

मी तिच्या हातातून फोन घेतला, तिच्या यंत्रांची जोडणी तोडून माझे हेडफोन जोडले आणि डोळे मिटले. आधी आमचंच घर होतं. मग, घराच्या मागे, घर संपतं तिथे, एक दुसरी खोली होती. ती मला ओळखू आली. ज्या खोलीत वर्षानुवर्षं गप्प बसलोय तिची शांतता ओळखू येते. भिंतीला गादी लावली की शांतता जाड होते आणि कानांवर दाब येतो. त्या शांततेत कोणीतरी वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर केलं आणि खुर्ची करकरली.

मग माझ्या दोन्ही कानांच्या अगदी मधे, टक टक.

मी हेडफोन उपसून काढले. समोर आई शांत बसली होती. यंत्रांची जोडणी तुटल्यामुळे तिला काही ऐकू येत नव्हतं, पण माझा चेहरा दिसत होता.

"ओळखीचा आहे?" तिने विचारलं.

मी मान डोलावली.

६

त्याच सुमाराला आईच्या कानात येणारा आवाज बसायला लागला. सुरुवातीला वाक्याच्या शेवटीच जायचा. मग आम्ही सगळे लांबून बोलल्यासारखे यायला लागलो आणि शिट्टी अर्धीच पोचायची. अपडेट यायची, पण एकाने सुधारलेलं दुसऱ्यात बिघडलेलं असायचं. मी कानसेनचं असं काम कधी पाहिलं नव्हतं. वाईट वाटलं, म्हातारा झालेला पहिलवान रस्ता ओलांडताना बघावा तसं.

"दमलाय तो," आई म्हणाली. "टकटक ऐक त्याची, हात जड झालाय. तुमच्यात काही उत्तर द्यायची पद्धत होती का?"

मी तिला एक टक, दोन टक सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग इतके दिवस त्याला ताटकळत काय ठेवलंस? दे उत्तर."

मी फोनच्या माइकवर नखाने एकदा वाजवलं. पसंत आहे. झालं तुझं काम. आईने ऐकण्यासाठी हात वर धरला होता. बराच वेळ काही नाही. मग तिने हात हळूच खाली आणला.

"परत दोनदा," ती म्हणाली.

"तो तसाच आहे. त्याला कधीच पटायचं नाही."

"तसं नाहीये ते." आई म्हणाली. "आमच्याकडे एक नियम होता. पाळी संपली म्हणून ऑपरेटरने उठायचं नाही. पुढच्या पाळीची बाई यायची, मागची जरा सरकायची, पुढची खुर्चीत टेकायची, हेडफोन चढवायची आणि म्हणायची, बसले. ती 'बसले' म्हणाली की मागची उठणार. तोवर घर जळत असलं तरी नाही. त्या खुर्च्या कधी गार पडल्या नाहीत."

"आणि पुढची आलीच नाही तर?"

"मग बसायचं."

"किती वेळ?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या शिक्षणाचा सगळा खर्च वाया गेला होता. "लाईनवर लोक असतात ना रे," ती म्हणाली.

मग तिने उजवं यंत्र काढलं, डावं काढलं, डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. "याच्यासाठी बसलाय ना तो? मी नाही ऐकत, म्हणजे त्याला जाता येईल. माझं भरपूर ऐकून झालंय." तिचा आवाज यंत्राशिवाय नेहमी होतो तसा जरा चढा झाला होता. "ह्या पोरीचा आवाज कळला मला, आता तो डोक्यात राहील."

मी नाही नाही म्हणत राहिलो, पण ते तिला ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. शिट्टी चित्र घेऊन धावत आली आणि आजीच्या पाठीमागून काहीतरी सांगायला लागली. आई खिडकीतून बाहेर बघत बसली होती. शिट्टीने सगळं सांगून संपवलं, मग थोडी थांबली, मग तेच परत पहिल्यापासून सांगायला लागली, जरा जोरात. आई वळली नाही. शिट्टीने माझ्याकडे बघितलं आणि दुभाष्याची वाट बघत उभी राहिली. माझ्याच्याने ते बघवेना.

मी डबी उचलून आईच्या मांडीवर ठेवली आणि खुणेने सांगितलं, घाल. ती मान हलवून नाही म्हणाली. मी हात जोडले आणि बाहेर पडलो.

७

सुट्टीमुळे ऑफिस रिकामं होतं. गेटवरच्या माणसाने विचारलं, "आज पण काम?" मी म्हटलं, थोडं राहिलंय. तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं.

तळमजल्यावरची आमची खोली आता अडगळीची झाली होती. दार उघडलं तर खोकी, गुंडाळलेल्या वायरी, मोडकी टेबलं. झरोक्यातून दुपारचं ऊन येत होतं आणि सगळ्यावर धूळ होती. कानसेनचं टेबल जिथल्या तिथे होतं. त्याचा कॉम्प्युटर केव्हाच काढून नेला होता. टेबलावर फक्त त्याचे माइकवाले हेडफोन होते आणि त्यांची वायर कडेवरून खाली लोंबत होती. मी तिचं टोक हातात घेऊन पाहिलं. ते कशालाही जोडलेलं नव्हतं. परीक्षक म्हणून मी ते दोनदा पाहिलं.

टेबलावर धुळीचा जाड थर होता. जिथे त्याचा कीबोर्ड असायचा तिथे बोटांएवढे स्वच्छ ठिपके होते. खुर्चीवर धूळ नव्हती.

मी खुर्चीवर तळहात ठेवला. ती गरम होती.

ऊन पडलं असेल, असं मी स्वतःला म्हणालो. ऊन खोलीच्या दुसऱ्या भिंतीवर होतं. पळून जावंसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याहून जास्त मला त्या माणसाचा मान राखावासा वाटला. कंपनीने सोडलं, आम्ही केक खाऊन सोडलं, आणि हा एका म्हाताऱ्या बाईसाठी, जिला त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं, बसून राहिला होता. पाच मिनिटं बसायला आपलं काय जातं?

मी बसलो. हेडफोन चढवले. आईने सांगितलं होतं तसं म्हटलं, "बसलो."

माझ्या मागे कोणीतरी लांब श्वास सोडला. कोरडा खोकला आला आणि तो दाराकडे सरकला. समोरच्या कोठडीच्या काचेत मला झुकलेल्या खांद्यांची एक बारीक पाठ दिसली. गळ्यात हेडफोन नव्हते. मी वळून पाहिलं नाही. दार लागल्याचा आवाज आला आणि तो किती हलका होता, किती नीट लावलेला होता, हे मला अजून आठवतं.

मग हेडफोनमध्ये आमचं घर आलं.

पंखा आला, रस्ता आला. सगळं लांब आणि मातकट. मी टेबलावर बोटं ठेवली, त्या ठिपक्यांमध्ये ती बरोबर बसली. काय करतोय हे मला कळत नव्हतं, पण रस्ता उंबऱ्याबाहेर गेला. पंखा मागे सरकला. डबीचं झाकण उघडल्याचं ऐकू आलं. कानाशी काहीतरी घासलं गेलं.

"हं, बोला आता," आई म्हणाली.

"आजी, तुला ऐकू येतंय?" शिट्टी म्हणाली. तिचं अक्षर न् अक्षर येत होतं. मी तिथे बसून रडलो, मोकळेपणाने, कोणी बघणारं नव्हतं.

त्यांनी चित्राबद्दल बोलून घेतलं. शाळेबद्दल बोलल्या. माझ्याबद्दलही बोलल्या, ते चांगलं नव्हतं. दुभाषा असताना मला यातलं काही कळलं नव्हतं. ऐकता ऐकता बोटं आपोआप इकडची तिकडे होत होती, एक कंगोरा घासला जात होता, एक सूर सैल होत होता. मी वर पाहिलं तेव्हा ऊन भिंतीवरून गेलं होतं.

"आजी, बाबा कधी येणार?"

आई ऐकत होती. मला कळलं, ती घराच्या मागे, घर संपतं तिथे ऐकत होती. मी श्वास रोखून धरला. माझी खुर्ची करकरली.

"ड्यूटीवर बसलाय तो," आई म्हणाली. इतकी वर्षं मी तिचा मुलगा आहे, पण माझ्याबद्दल बोलताना तिच्या आवाजात एवढा अभिमान मी ऐकला नव्हता. "पुढचा आला की उठेल."

"पुढचा कोण?"

आईने फोन जवळ ओढल्याचं ऐकू आलं, आणि मग तिचं नख, एकदाच. टक.

पसंत आहे. झालं काम. ये घरी.

मी उठणारच होतो. हात हेडफोनला लावलेही होते. पण शिट्टी तेवढ्यात हसली आणि तिच्या हसण्याच्या मागे किंचित सरसर होती. कोणाला कळलीही नसती. आईला तर नाहीच. एवढी काढली की झालं.

मी माइकवर नखाने दोनदा वाजवलं.